मोजायची राहिलेली खोली

आमच्या घरामागच्या इमारतीला चार नावं आहेत. मोबाईलवर बुकिंग घेणाऱ्या साइटवर ती 'लेक व्ह्यू फार्म स्टे' आहे. वीजबिलावर ती शेतीपंपाची खोली आहे. अनुदानाच्या अर्जात ती 'कृषी पर्यटन केंद्र' आहे. आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या रजिस्टरात, ज्याला अख्खा गाव नुसतं 'नमुना आठ' म्हणतो, त्यात ती आत्ताआत्तापर्यंत 'गोठा, कुडाच्या भिंती, वर पत्रा' अशी होती. तलाव तिथून दिसत नाही. मध्ये दोन डोंगर आहेत. पुण्याचे पाहुणे विचारतात तेव्हा माझे वडील हातानं डोंगर बाजूला सारल्यासारखं करतात आणि सांगतात, "त्याच्या पल्याडच हाय. ही गार हवा लागतीया ना तुमाला? ती त्याचीच."

चारपैकी तीन नावं माझ्या हस्ताक्षरात आहेत, म्हणून जरा माझ्याबद्दल. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे मी बोलून दाखवलं की लोकांना वाटतं मिरवतोय. मिरवतोच. कासार आंबोलीच्या पुढून सकाळची एसटी धरायची, दारात लटकून कॉलेज गाठायचं, संध्याकाळी परत येऊन भाताच्या खाचरात उतरायचं, असं करून मी बी.कॉम. झालो. आता उरवड्याच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात आहे. पण गावाला माझ्या पदवीचा उपयोग एकच, अर्ज लिहिणे. अर्जात दोनदा 'सदर' आणि एकदा 'सबब' आलं की गाव निर्धास्त होतो. कुणाची विहीर, कुणाची वाट, कुणाचा भाऊबंदकीतला बांध, सगळ्यांना मी 'सदर' लावून दिलंय.

सगळ्यात जास्त अर्ज घरपट्टीचे. आमच्याकडं घर बांधायला दोन वर्षं लागतात आणि ते पंचायतीपासून लपवायला एक सकाळ. आकारणीची माणसं फीत घेऊन येणार म्हटलं की वाडीची वाडी एका दिवसापुरती गरीब होते. टीव्हीवर गोधडी पडते. गाद्या पेंढ्याखाली जातात. ज्यांनी गोठ्याच्या जागी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात त्यांना जनावर दाखवावं लागतं, आणि जनावरं तर सगळ्यांनी कधीच विकलीत. वाडीत एकच म्हैस उरलेली, माझ्या चुलत्याची. मागच्या आकारणीला ती पाच ठिकाणी बांधली गेली. माणसं पुढच्या दारानं मोजत येत होती आणि म्हैस मागच्या दारानं पुढच्या घरी जात होती. तिसऱ्या ठिकाणी पंचायतीच्या क्लार्कनं विचारलं, "ही मघाशी तिकडं पण होती ना?"

चुलता म्हणाला, "ती न्हवं. तिची भैन."

आमच्याकडं ती एसी असलेल्या खोलीत उभी होती. एसीवर सतरंजी होती. ती शांतपणे कमोडातलं पाणी प्यायली, आणि मी बाहेर ओट्यावर बसून लिहिलं, 'सदर जागेत जनावरे बांधली जातात.' त्या घडीला ते खोटं नव्हतंच.

इमारतीला तीन खोल्या आहेत, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. आहेत चार. चौथी माझ्या आत्याची.

आत्या वडिलांपेक्षा लहान, चुलत्यापेक्षा मोठी. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. पहिली काही वर्षं ती स्वयंपाकघरात झोपायची, सगळे झोपल्यावर अंथरायचं आणि सगळ्यांच्या आधी गुंडाळायचं. मग गाई विकल्या, गोठा रिकामा झाला, तेव्हा कडबा ठेवायच्या टोकाला तिनं स्वतःसाठी खोली काढली. विटा तिनं कोंबड्या आणि अंडी विकून आणल्या. दुसऱ्यांच्या भातलावणीला जाऊन जमवलेल्या पैशांत गवंड्याची मजुरी भागली. वाळू तिनं ओढ्यातून घमेल्यानं वाहिली, ते मी शाळेत असताना पाहिलेलं आहे. खोलीला मागच्या परसात उघडणारं वेगळं दार आहे आणि त्या दाराची किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असते. आत खाट, पेटी, राखेत घोळवून ठेवलेलं बियाणं, आणि पाहुणे विसरून गेलेल्या वस्तू: एक गॉगल, अर्ध्या शाम्पूच्या बाटल्या, बॅडमिंटनची एक रॅकेट. गॉगल ती चुलीपुढं बसताना घालते. धूर लागत नाही म्हणते.

पाहुणे येतात ते तिच्या हातचं खायला. नाचणीची भाकरी, चुलीवरचं मटण, वालाचं बिरडं. जांबे गावाकडून, हिंजवडीकडून पोरं-पोरी येतात, शनिवारी रात्री आठ-आठ भाकरी हाणतात आणि रविवारी साइटवर लिहितात, 'होस्ट अंकल खूपच प्रेमळ.' होस्ट अंकल म्हणजे माझे वडील. त्यांचं काम शनिवारी दुपारी फेटा बांधून फाटकापाशी उभं राहणं. ते काम ते मन लावून करतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पौडला योजनेची सभा झाली.

वडील, चुलता आणि मी, तिघंही गेलो होतो. मला नेलं होतं शब्द समजून घ्यायला. हॉल गच्च भरलेला, आणि भिंतीवर पडद्यावर हिरव्यागार शेतात हसणारं एक कुटुंब. साहेबांनी सांगितलं की ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात त्यांनी रीतसर नोंदणी करावी. नोंदणी केली तर घरपट्टी राहत्या घराच्या दरानं लागेल, दुकानाच्या दरानं नाही, आणि खोल्या सुधारायला, वाढवायला अनुदान मिळेल. मालकानं मात्र त्याच जागेवर राहायला पाहिजे, असा नियम आहे. हे वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण त्याच्या पुढचं वाक्य असं होतं की धंदा बाईच्या नावावर असेल तर अनुदान जास्त.

परतताना जीपमध्ये अकरा पुरुष, एकेक जण खिडकीबाहेर बघत आपापल्या बायकोचा विचार करत होता. इतक्या आपुलकीनं त्यांना तो करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या आठवड्यात आमच्या वाडीत बाईमाणसाला जो मान मिळाला तो गौरीलासुद्धा मिळत नाही. शेजारच्या काकूंना त्यांच्या नवऱ्यानं पासपोर्ट साईजचा फोटो काढायला चल म्हटलं, तर त्या घाबरल्या. "फोटू कशाला? डॉक्टर काय बोलला का तुमाला माज्याबद्दल?" त्या प्रोप्रायटर झाल्यात हे त्यांना फोटो काढून झाल्यावर कळलं.

आमच्या घरात अडचण निराळी होती. माझ्या आईच्या नावावर आधीच पिठाच्या गिरणीची योजना घेतलेली. गिरणी आहे, तिच्यावर इस्त्री ठेवतात. चुलतीच्या नावावर शेळ्या होत्या, आणि त्या कागदावर अजून चरत होत्या. माझी बायको शाळेत शिक्षिका, पगारदार, म्हणून बाद. जेवताना ही यादी झाली.

मग चुलत्यानं घास तसाच हातात धरून विचारलं, "आक्काच्या नावावर काय हाय?"

वडील म्हणाले, "काय न्हाई."

"काईच न्हाई?"

"न्हाई."

"मंग झालं की काम!"

सबंध घरात जिच्या नावावर काही नव्हतं ती एकटी पात्र ठरली.

पुढचा बेत तिथंच, ताटावर ठरला. इमारत आत्याच्या नावावर लावायची. आलेल्या अनुदानात चौथी खोली काढायची, डोंगराकडं काचेची भिंत, आत बाथरूम, तिचं भाडं दुप्पट. ही चौथी खोली कुठं काढायची? आत्याची पाडून, तिच्या जागेवर. आत्यानं माळ्यावर झोपायचं. आत्याला हे वेगळं सांगावं लागलं नाही, कारण ती वाढत होती.

"आन् मी कुटं?" तिनं विचारलं.

चुलता म्हणाला, "आक्का, आगं मालकीन व्हनार तू! मालकिनीला काय कमी? सगळंच घर तुजं."

"सगळं नगं मला. माजी खोली?"

"ती बी त्यातच आली की."

"त्यातच आली तर पाडताय कशाला?"

वडिलांनी आमटी मागितली. आत्यानं वाढली.

त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो, त्याला कारण होतं. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा आमचं रस्त्याकडचं शेत पुण्याच्या बंगलेवाल्यांना विकलं. विकायच्या आधी बहिणीची हक्कसोड लागते. म्हणजे बापाच्या जमिनीतला वाटा तिनं भावांना लिहून सोडायचा. सगळ्या गावात सोडतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. रजिस्ट्रारकडं आत्याला कागद वाचून कोण दाखवणार? मी. मी एका दमात वाचला, एकाही जोडाक्षराला अडखळलो नाही, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. आत्यानं विचारलं, "ह्येचा मतलब काय?" मी म्हणालो, "तुझा हक्क तू राजीखुशीनं सोडलास." ती म्हणाली, "राजीखुशीनं आसं लिवलंय व्हय?" मी म्हणालो, "हो." "बरं," म्हणाली, आणि सही केली. वडिलांनी तिला साडी घेतली, मोरपंखी रंगाची. ती तिनं कधी नेसलेली मी पाहिली नाही.

असो. इमारत आत्याच्या नावावर लावायची तर ती इमारत आहे हे आधी कबूल करायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी असा अर्ज लिहिला की 'सदर ठिकाणी गोठा नसून पक्की इमारत आहे.' ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तो वाचला, मग मागचं बाड काढून मागचा अर्ज शेजारी ठेवला.

"मागच्या वेळी जनावरं बांधता असं लिहून दिलंय. अक्षर तुमचंच दिसतंय."

"परिस्थिती बदलली," मी म्हणालो.

"जनावरं कुठं गेली?"

चुलता म्हणाला, "त्यांनीच जागा सोडली."

भाऊसाहेब सज्जन माणूस. त्यांनी दोन्ही अर्ज एकाच बाडात लावले. वडिलांनी आणि चुलत्यानं संमतीपत्र दिलं, आणि मालकाच्या रकान्यात आत्याचं नाव चढलं. नमुना आठ हा मालकीचा पुरावा नव्हे, असं कायदा सांगतो. मी बी.कॉम. आहे, मला ठाऊक आहे. पण आमच्याकडं लाईटचं मीटर, बँकेचं कर्ज आणि भावकीतली तोंडं, तिन्ही त्याच कागदावर चालतात.

मग क्लार्क फीत घेऊन आला. तीन खोल्या मोजल्या. चौथ्या खोलीपाशी आला तेव्हा वडील पुढं झाले. "ती धरू नगा. पडीक हाय. पाडायचीच हाय ती." नवी खोली बांधली असं दाखवायचं तर तिथं आधी काही असून चालणार नव्हतं. आत्या त्या खोलीच्या दारात केरसुणी घेऊन उभी होती. मागं तिची खाट दिसत होती, खाटेवर गोधडी घडी करून ठेवलेली. क्लार्कनं तिच्याकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं, आणि फीत गुंडाळली. नकाशा मी काढला. आत्याच्या खोलीच्या जागी मी तुटक रेघांचा चौकोन काढून आत लिहिलं, 'प्रस्तावित.'

महिन्याभरानं अनुदानवाल्या बाई पाहणीला आल्या. आदल्या दिवशी चुलत्यानं आत्याची तयारी करून घेतली होती.

"तुमी कोन, आसं इचारलं तर?"

"म्हातारी."

"आक्का! प्रोप्रायटर म्हन."

"परपायटर."

"चालंल. आन् ऱ्हाता कुटं म्हनलं तर?"

"हितंच."

"बास. हितंच. त्याच्या म्होरं बोलायचं न्हाई."

बाई चाळिशीच्या असतील, पायात चिखलाचे बूट, बोलणं शहरी पण घाईचं नाही. वडील फेटा बांधून फाटकात उभे होते, शनिवार नसताना. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "मालकीणबाई कुठंयत?" वडिलांना बाजूला व्हावं लागलं. तीन खोल्या बघून झाल्या. एका खोलीतल्या उशीखाली पेंढा सापडला, तो आकारणीपासून राहिलेला. मग बाई ओट्यावर बसल्या आणि आत्याला म्हणाल्या, "तुम्ही इथं राहता का?"

"हितंच," आत्या म्हणाली.

"कुठल्या खोलीत?"

हा प्रश्न तयारीत नव्हता. चुलता खाकरला. आत्यानं गळ्यातला दोरा ओढला, किल्ली काढली आणि बाईंना मागच्या बाजूनं घेऊन गेली. बाईंनी खोली पाहिली. भिंतीला हात लावला. आत्या म्हणाली, "इटा म्या आनल्यात." बाईंनी फाईल उघडली, माझा नकाशा काढला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"ही खोली नकाशात नाही."

"म्हंजी? मी हितंच हाय की."

"रजिस्टरला पण तीनच आहेत. इथं 'प्रस्तावित' लिहिलंय."

"ते काय असतंय?"

नकाशा मी काढलेला, म्हणून मलाच बोलावं लागलं. "म्हणजे पुढं बांधायची आहे," मी म्हणालो.

आत्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं पायाखाली पाहिलं.

वडील म्हणाले, "म्याडम, ही मोडायची हाय. नवी काढनार, चांगली. पावन्यांसाठी."

"मग मालकीण कुठं राहणार?"

"घर तिचंच हाय की!" चुलता म्हणाला.

"घर तिचं आहे ते वाचलं मी. झोपणार कुठं?"

चुलत्यानं माळ्याकडं बोट केलं. बाईंनी वर पाहिलं. माळ्याला जिना नव्हता, शिडी होती, आणि शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या कांद्यांनी भरल्या होत्या. बाई फाईल बंद करून म्हणाल्या, "मालकानं जागेवर राहायचं असा नियम आहे. राहण्याची जागा पंचायतीच्या रजिस्टरला दाखवा, मग फाईल पुढं सरकेल. पंधरा दिवस आहेत." चहा न घेता गेल्या. आमच्याकडं चहा न घेता गेलेल्या माणसाची भीती वाटते.

त्यानंतर दोन दिवस घरात एकच विषय. खोली रजिस्टरला लावली तर ती पाडता येणार नाही, काचेची भिंत गेली, दुप्पट भाडं गेलं. नाही लावली तर फाईल गेली. तिसरा मार्ग चुलत्यानं काढला. माळाच मालकिणीचं राहण्याचं ठिकाण म्हणून दाखवायचा. नकाशा दुरुस्त करायला मला सांगितलं. आणि मी केला, हेही सांगून टाकतो. माळा काढला. जिना नव्हता, तोही काढला, कठड्यासकट. खाली छान अक्षरात लिहिलं, 'मालकिणीचे निवासस्थान.'

आत्या भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "काय काढलंय ते वाच की, बीकाम." लाडात आली किंवा चिडली की ती मला बीकाम म्हणते. यातलं कुठलं ते आवाजावरून कळत नाही.

मी वाचलं.

"माळ्यावर मी ऱ्हाते, आसं?"

"कागदावर फक्त."

"जिना बी काढलास?"

"हो."

"आन् माजं गुडघं? ती बी नवी काढलीस का?"

मी कागद खाली ठेवला. ती भाकरी उलटत म्हणाली, "एक अर्ज लिव. माजी खोली मोजायची ऱ्हायलीया, ती मोजा म्हनावं."

"आबांना विचारतो," मी म्हणालो.

तिनं तव्यावरून डोळे उचलले नाहीत. "बापाला इचारून लिवायचा आसंल तर ऱ्हाऊ दे. मी तोंडानं सांगीन."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात असताना भाऊसाहेबांचा फोन आला. "तुमच्या आत्या आल्यात पंचायतीत. घरपट्टी वाढवा म्हणतायत. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

मी अर्धी रजा टाकून मोटारसायकल हाणली. पंचायतीत आत्या बाकावर बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. क्लार्क तिला समजावून थकला होता.

"आत्या, कमी न्हाई होनार. सगळ्यांना तोच दर हाय."

"कमी कोन म्हनतंय?"

"मग हरकत कसली तुमची?"

"खोली मोजली न्हाई, ही हरकत."

"मोजली न्हाई तर चांगलंच की! पट्टी वाचली तुमची."

"तुज्या घरची मोजली का न्हाई?"

"न्हाई," क्लार्क पटकन बोलून गेला, आणि भाऊसाहेबांकडं बघून रजिस्टर चाळू लागला.

भाऊसाहेब माझ्याकडं वळले. "अहो, हरकतीचा नमुना आकारणी कमी करायचा असतो. वाढवून मागायचा नमुना आपल्याकडं नाहीच. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी मागितला नाही."

आत्या म्हणाली, "त्याच्यावरच लिवा, उलटं."

कोरा कागद माझ्यापुढं आला. पेन तर माझ्या खिशाला कायम असतं. गाव ज्याच्यासाठी मला मान देतो ते काम, दोन ओळींचं. मी लिहीत नव्हतो. ती इमारत वडिलांच्या आणि चुलत्याच्या मागं माझ्या आणि चुलतभावाच्या नावावर यायची होती. आत्याचं नाव म्हणजे अनुदानापुरतं लावलेलं, पुढं कधीतरी एक हक्कसोड करून काढून घ्यायचं, हे घरात कुणी बोललं नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. पण खोली एकदा मोजून, तिची राहती म्हणून, चढली की ते काढणं सोपं राहणार नव्हतं. हे मला कळत होतं. माझ्या तोंडाकडं बघून आत्यालाही कळलं असणार.

"जड जातंय का रं?" ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. जड ओझं उचलणाऱ्याला विचारतात तसं.

मी लिहिलं, 'माझी राहती खोली मोजायची राहिली आहे. ती मोजून माझ्या नावावर लावावी.' 'सदर' नाही, 'सबब' नाही. एवढा साधा अर्ज मी आजवर लिहिलेला नव्हता. आत्या म्हणाली, "वाच." मी वाचला. ती म्हणाली, "राहती म्हंजी मी ऱ्हाते ती ना?" मी हो म्हणालो. तिनं सही केली, एकेक अक्षर सुटं, शिरोरेघ सगळ्यात शेवटी.

भाऊसाहेबांनी अर्जावर शिक्का मारला आणि क्लार्कला म्हणाले, "आत्ताच जाऊन ये. उद्या यांच्या घरचे येऊन बसतील."

क्लार्क माझ्या मागं बसला, आत्या वाटेत माणसं भरत येणाऱ्या वडापच्या जीपनं आली. आम्ही पोचलो तेव्हा वडील घरात नव्हते, आणि चुलता फाटकापाशी पाहुण्यांचा बोर्ड रंगवत होता. त्यानं क्लार्कच्या हातातली फीत पाहिली आणि ब्रश डब्यात तसाच सोडून तो वडिलांना शोधायला पळाला.

फितीचं एक टोक आत्यानं धरलं. मी आकडे लिहीत होतो. क्लार्कला आतून मोजायची सवय, तेवढंच कमी भरतं. आत्यानं फीत बाहेर काढली. "भाईरनं. भित्ताडं बी माजीच हायेत." बाहेरून मोजलं. मग तिनं परसातला न्हाणीचा दगड दाखवला. मग ओटा. मग पत्र्याखाली लाकडं रचलेली जागा.

"आत्या, ही वळचण हाय. ही कुणी धरत न्हाई."

"लाकडं कुनाची हायेत?"

क्लार्कनं वळचण धरली.

तेवढ्यात वडील आले, धापा टाकत, चुलता मागं. वडील फितीकडं बघत राहिले. रागवावं कुणावर ते त्यांना ठरवता येईना. मालकीण समोर उभी होती, कागदावर त्यांच्याच सहीनं झालेली. माझ्याकडं त्यांनी पाहिलं, तेव्हा मी वहीत बघितलं. शेवटी ते आत्याला म्हणाले, "आगं, पट्टी वाडंल की."

"कुनाची?"

वडील म्हणाले, "तुजी."

"मंग तू कशाला कावतुयास, दादा?" आत्या म्हणाली, आणि फितीचं टोक ताणून धरत क्लार्कला म्हणाली, "त्या कोपऱ्यातनं धर बाबा, तितनं भित्ताड सुरू हुतंया."